तुळईतली कडी

दुपारचे दोन वाजले होते. चार मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताच्या बिऱ्हाडात, छताच्या तुळईत एक लोखंडी कडी ठोकली जात होती. ठोकणारा सुतार होता. ठोकून घेणारी शिंपीण होती. त्याच तुळईवर, तिसऱ्या मजल्यावर, एक माणूस झोपला होता. तो त्या वेळी झोपलेला असतो, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं.

हे शेवटचं वाक्य विसरू नका. पुढे ते सगळे विसरणार आहेत.

आता सुरुवातीपासून सांगतो. नदीकाठी एक गाव होतं. जमीन थोडी आणि माणसं फार, म्हणून गावाने घरं एकावर एक रचली. लाकडाच्या लांबच लांब तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा. खालच्याचं छत तीच वरच्याची जमीन. एका घरात पाटा-वरवंटा फिरला की दुसऱ्या घरातली भांडी कुजबुजत.

तिसऱ्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब खोली होती. तिथे गावाचा पहारेकरी राहायचा. दिवेलागणीला तो कंदील घेऊन निघायचा आणि नदीच्या बुरुजावर जाऊन बसायचा. पाणी चढू लागलं की नगारा वाजवायचा. नगारा ऐकला की लोक धावत जाऊन काठावरच्या बाजारातला माल हलवायचे. तो रात्रभर जागा, म्हणून गाव झोपलेलं. आणि तो दिवसा झोपलेला, म्हणून रात्री जागा. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

खोली त्याला कामाबरोबर मिळाली होती. काम गेलं तर खोलीही जाणार. बायको आणि लहान लेक अजून त्याच्या गावी होत्या. पावसाळा सरला की दोघींना घेऊन येईन, असं त्याने त्यांना सांगितलं होतं, आणि इमारतीतही ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं. लेकीसाठी त्याने खिडकीला खालपर्यंत गजही लावून घेतले होते.

इमारतीची एक जुनी रीत होती. भिंतीत खुंटी ठोकायची किंवा छताला कडी लावायची, तर आधी पलीकडच्या घरी गुळाचा खडा घेऊन जायचं. खडा हातावर ठेवायचा आणि विचारायचं, "कधी ठोकू?" तो सांगेल ती वेळ. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ज्याने घातली त्याला माणसं ठाऊक होती. मागायला जाताना हात रिकामा असला की माणूस उंबऱ्यातूनच परततो. हातात गूळ असला की थांबतो, आणि थांबला की विचारतो.

शिंपिणीच्या शेजारी, एका भिंतीपलीकडे, हलवाईण राहायची. तिने एकदा झोपाळा केला. शिसवी पाट, पितळी साखळ्या. कडी ठोकण्याआधी ती गूळ घेऊन पहारेकऱ्याकडे गेली. दोघींच्या घरांवरून एकच तुळई जाते, इकडे हललं की वर सगळीकडे हलतं, हे तिला माहीत होतं. पहारेकऱ्याने गूळ तोंडात टाकला आणि म्हणाला, "ठोका पहाटे, मी बुरुजावर असताना. आणि झोके घ्या दिवेलागणीनंतर. मग घर डोक्यावर घेतलंत तरी माझं काही म्हणणं नाही."

तिने तसंच केलं. त्यामुळे इमारतीतल्या बायकांना एक ठिकाण मिळालं. पहारेकऱ्याचा कंदील जिना उतरून गेला की एकेक जण हलवाईणीकडे यायची. पाटावर चौघी बसत, बाकीच्या खाली. ताटलीभर शेव, गावभरच्या गप्पा, आणि मधूनच सगळ्यांचं एकदम हसणं.

ते हसणं भिंतीतून शिंपिणीकडे जायचं.

ती एकटी बसून शिवत असायची. काय बोलणं झालं ते कळायचं नाही, नुसतं हसणं पोचायचं, आणि नुसतं हसणं पोचलं की ते आपल्यावरच आहे असं वाटतं. ती एकदा गेलीही. बायकांनी सरकून तिला पाटावर जागा दिली. पण तिचं लक्ष ना गप्पांत होतं, ना शेवेत. तिच्या नजरेला मापाची सवय. पाट किती लांब, साखळी किती जाड, पितळ भरीव की पोकळ, हे तिने एका झोक्यात काढून घेतलं. घरी येऊन दार लावलं आणि स्वतःशीच म्हणाली, "एवढंसं तर आहे."

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. गिऱ्हाईक चोळीचं माप द्यायला यायचं आणि म्हणायचं, "तुमच्या शेजारणीचा झोपाळा पाहिलात का हो, बसलं की उठवत नाही." शिंपीण तोंडात टाचण्या धरून हं म्हणायची. हलवाईणीच्या घरी पाहुणे आले तर ही मोजायची. हलवाईण आजारी पडली तेव्हा बायका तिच्याकडे आळीपाळीने पेज घेऊन गेल्या. शिंपीण त्याही गोष्टीवर जळली. मी आजारी पडले तर कोण येईल, असा हिशेब मांडत ती रात्रभर पडून राहिली. मग तिने सुताराला बोलावलं.

तिचा पाट हलवाईणीच्या पाटापेक्षा वीतभर लांब होता. साखळ्या दुप्पट जाड होत्या, आणि प्रत्येक साखळीला घुंगरू होते. सुतार म्हणाला, "बाई, घुंगरू बैलाला बांधतात."

"तू कडी ठोक," शिंपीण म्हणाली. "माझा झोपाळा हलतो आहे हे चार मजल्यांना कळलं पाहिजे."

आणि गूळ? गुळात तर तिने कसर ठेवली नाही. हलवाईणीने एका घरी एक खडा नेला होता. हिने आख्खी ढेप फोडली. परातीत भरली, वर कशिद्याचा रुमाल घातला, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि तळापासून वरपर्यंत दारोदार फिरली. लोकांनी वा वा केली. पहिल्या मजल्यावर इमारतीचा कारभारी राहायचा. कुणाच्या काय तक्रारी आहेत ते ऐकायचं आणि इमारतीची रीत सांभाळायची, हे त्याचं काम. त्याने परातीतला सगळ्यात मोठा खडा उचलला.

ती तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा दार बंद होतं. आतून घोरण्याचा आवाज येत होता. तिने खडा उंबऱ्यावर ठेवला आणि खाली आली. "कधी ठोकू?" हा प्रश्न तिने इतक्या सगळ्या दारांत कुठेही विचारला नाही. सगळ्यांना गूळ मिळाला आणि ज्यासाठी गूळ द्यायचा, तेवढंच राहून गेलं. उंबऱ्यावरचा खडा मुंग्यांनी खाल्ला.

त्याच दुपारी कडी ठोकली.

आता झोके कधी घ्यायचे? हलवाईणीचा झोपाळा संध्याकाळी हलतो. बायका तिच्याकडे जायच्या आत आपल्याकडे यायला हव्यात. म्हणजे दुपारीच. शिंपिणीने शेवेऐवजी चिरोटे ठेवले. बायका आल्या. का नाही येणार? त्या नव्या पाटावर बसल्या, पाय टेकून त्यांनी झोका घेतला, साखळ्यांचे घुंगरू वाजले, तुळई करकरली आणि वरच्या खोलीत माणूस दचकून उठून बसला.

बायकांनी वर पाहिलं. एक जण म्हणाली, "वर पहारेकरी झोपलेला असतो ना?" दुसरी म्हणाली, "गूळ दिला आहे तिने." आणि तिने चिरोटा घेतला.

चार दिवसांनी पहारेकरी खाली आला. डोळे लाल, केस पिंजारलेले. दारात उभा राहून म्हणाला, "बाई, तेवढं दुपारचं सोडून झोके घ्या. संध्याकाळी मी नसतोच."

"संध्याकाळी कोण येतं माझ्याकडे?" शिंपिणीच्या तोंडून निघून गेलं. मग तिने सावरून घेतलं. "आणि माझाच झोपाळा बरा दिसला. तिचा हलतो तेव्हा काही नसतं वाटतं."

"त्यांनी मला विचारलं होतं."

तो साधं खरं तेच बोलला होता. पण शिंपिणीने त्यातलं एवढंच ऐकलं की, हासुद्धा तिच्याच बाजूचा. ती म्हणाली, "मग जा की तिच्याचकडे झोपायला," आणि तिने दार लावलं. त्या दुपारी घुंगरू जास्त जोरात वाजले.

पहारेकऱ्याने कानात कापूस घातला. अंथरूण खोलीच्या त्या टोकाला नेलं. पण तुळई एकच होती, ती त्या टोकालाही करकरत होती. शेवटी तो कारभाऱ्याकडे गेला.

कारभारी म्हणाला, "तिने रीत पाळली आहे. तुझ्या उंबऱ्यावर गूळ ठेवलेला मी स्वतः पाहिला."

"तो मुंग्यांनी खाल्ला."

"मग मुंग्यांना विचार," कारभारी म्हणाला. ओट्यावर बसलेले चार जण हसले.

त्या चौघांनाही तुळईचा आवाज रोज ऐकू येत होता. हलवाईणीला तर भिंतीतून सगळ्यांत जास्त ऐकू येत होता. संध्याकाळी पहारेकरी जिना उतरताना कठड्याला धरून उतरतो, हेही तिने पाहिलं होतं. ती काही बोलली नाही. कुणीच बोललं नाही.

आषाढात वरच्या डोंगरात पाऊस झाला. गावात टिपूसही नव्हता. पहारेकरी बुरुजावर बसला होता, आणि बसल्या जागी त्याचं डोकं नगाऱ्यावर टेकलं. सकाळी लोक उठले तेव्हा काठावरचा बाजार नव्हता. कुंभाराची मडकी गेली. हलवाईणीच्या कढया गेल्या. शिंपिणीने जत्रेसाठी वर्षभर शिवून तिथल्या दुकानात रचलेले कपडे गेले. नंतर कित्येक दिवस झुडपांना बाह्या आणि काठ लटकलेले दिसत होते. माणूस मेला नाही, हे गावाचं नशीब. त्यात कारभाऱ्याचं काही कर्तृत्व नव्हतं.

इमारतीच्या अंगणात चौकशी बसली. गावचे पंच आले, कारभारी त्यांच्या शेजारी बसला. पंचांनी विचारलं, "तू झोपला होतास?"

"होय," पहारेकरी म्हणाला. "पण दुपारी मला..."

"दुपारचं कोण विचारतं आहे? गोष्ट रात्रीची आहे."

पहारेकऱ्याने अंगणात उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. सगळी इमारत तिथे होती. कुणी चपलेचा अंगठा सारखा करत होतं, कुणी आकाशाकडे पाहत होतं. हलवाईण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शिंपिणीच्या हातात चिखलाने भरलेलं एक झबलं होतं आणि ती ते उगाच पिळत होती. पहिल्या परिच्छेदातलं ते वाक्य यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. त्या सकाळी ते एकालाही आठवलं नाही.

पंचांनी त्याला कामावरून काढलं. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली. वळकटी खांद्यावर घेऊन तो जिना उतरला तेव्हा शिंपीण दारातच होती. तो थांबला.

"गूळ फार गोड होता म्हणतात," तो म्हणाला. "मला चव कळली नाही."

मग तो नावेत बसून पलीकडे गेला.

गावाने नवा पहारेकरी शोधला. तो खोली पाहायला आला ती वेळ दुपारची होती. तो थोडा वेळ उभा राहिला, तुळईचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "इथे झोपायचं असतं का?" उत्तराची वाट न पाहता तो गेला. दुसरा कुणी मिळेना. तेव्हा ठरलं की तोपर्यंत इमारतीतल्या प्रत्येक घराने पाळीपाळीने बुरुजावर बसायचं.

एव्हाना इमारतीत आणखी एक गोष्ट झाली होती. शिंपिणीचा झोपाळा पाहून कारभाऱ्याच्या बायकोला झोप येत नव्हती. एवढ्या मोठ्या कारभाऱ्याच्या घरी झोपाळा नाही आणि एका शिंपिणीकडे घुंगरांचा, हे तिला कसं सहन व्हावं? तिने शिंपिणीपेक्षा वीतभर लांब पाट करवून घेतला. कारभाऱ्याचं घर शिंपिणीच्या बरोबर खाली. त्याची कडी लागली ती शिंपिणीच्या जमिनीत. ती बाजारात गेलेली असताना तिच्या उंबऱ्यावर कुणीतरी गुळाचा खडा ठेवून गेलं.

शिंपिणीची पाळी आली. रात्री जागायचं म्हणून ती दुपारी आडवी झाली. खालून झोका आला. जमीन तिच्या पाठीखाली हलली. ती कुशीवर वळली. दुसरा झोका आला. तिने उशी कानावर घेतली, अंथरूण त्या टोकाला ओढलं. खालून हसणं येत होतं, चिरोट्यांचा वास येत होता. तिच्याकडे येणाऱ्याच बायका आता तिथे होत्या. शेवटी ती खाली गेली.

कारभारी ओट्यावर बसला होता. ती म्हणाली, "मला आज पहाऱ्याला जायचं आहे. तेवढं थांबवा."

"रीत पाळली आहे आम्ही," तो म्हणाला. "तुझ्या उंबऱ्यावर गूळ ठेवला होता."

"मला कुणी विचारलं नाही."

"तू विचारलं होतंस?"

ती उलट्या पावली वर आली. त्या रात्री ती बुरुजावर गेली ती सुई घेऊन. डोळा लागायला आला की बोटात टोचायची. नदी तिच्यासमोर काळी, शांत पडून होती. पाणी चढलं नाही. चढलं असतं तर तिला कळलं असतं की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सकाळ झाली तेव्हा तिच्या डाव्या हाताची सगळी बोटं सुजली होती.

ती घरी गेली नाही. हलवाईणीच्या दारात उभी राहिली. हलवाईणीने तिची बोटं पाहिली, आत घेतलं, हळद लावली.

"तुला भिंतीतून सगळं ऐकू येत असेल," शिंपीण म्हणाली.

"येत होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू म्हणाली असतीस, आता ही माझ्यावर जळते."

शिंपिणीने विचार केला. "म्हणाले असते," ती म्हणाली.

"म्हणून नाही बोलले. चौकशीत बोलले नाही, त्याला मात्र माझ्याकडे कारण नाही."

दोघी पंचांकडे गेल्या. शिंपिणीने सगळ्यांसमोर सांगितलं की पहारेकरी रात्री झोपला, कारण मी त्याला दिवसा झोपू दिलं नाही; आता माझ्याकडून जे घ्यायचं ते घ्या, पण त्याला परत बोलवा. पंचांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी म्हणाला, "चौकशी संपली आहे." पंचांनी मान डोलावली. उगाच जुनं कशाला उकरायचं, असंही कुणीतरी मागून बोललं.

शिंपिणीने घरी येऊन झोपाळा उतरवला. घुंगरू सोडून ठेवले. कडी मात्र खोल गेली होती, ती काढायची तर परत ठोकावं लागणार. ती गुळाचा खडा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. खोली उघडी होती. आत कुणी नव्हतं. खिडकीला लेकीसाठी लावलेले गज तेवढे होते. कधी ठोकू, हे विचारायला माणूसच नव्हता. ती गूळ घेऊन परत आली. कडी अजून तुळईत आहे.

या गोष्टीतून घ्यायचं ते असं. तात्पर्य: आपलं छत ही दुसऱ्याची जमीन असते, म्हणून त्याला विचारावं आणि तो काय म्हणतो ते ऐकायला थांबावं, नुसता गूळ वाटणं म्हणजे विचारणं नव्हे. शेजाऱ्यापेक्षा वीतभर मोठं करायच्या नादात जो वरच्याची झोप मोडतो, तो शेवटी स्वतःचीच मोडतो. आणि आवाज ऐकू येत असूनही जे गप्प बसतात, त्यांनी आपण काही केलं नाही असं म्हणू नये.

पावसाळा सरल्यावर दोघी शेजारणींनी नावाड्याबरोबर पहारेकऱ्याच्या गावी निरोप धाडला, की झालं गेलं विसरून परत या. नावाडी तिकडचा निरोप घेऊन आला. तो पहारेकऱ्याच्या बायकोचा होता. ती विचारत होती, "ते तर तुमच्याकडेच आहेत ना? लेक रोज नदीवर जाऊन वाट पाहते. आम्हाला न्यायला कधी येणार?"

या निरोपाला गावाने अजून उत्तर पाठवलेलं नाही.